टॅरोच्या पानाचा अर्थ कसा शोधावा: उगमापासून सुरुवात

टॅरो, म्हणजे आज मुख्यतः भविष्य पाहण्यासाठी वापरला जाणारा चित्रांच्या पत्त्यांचा संच, शिकू पाहणारा माणूस साधारणपणे उलट्या बाजूने सुरुवात करतो. तो पानांचा संच विकत घेतो, सोबतची छोटी पुस्तिका उघडतो आणि ‘जादूगार म्हणजे इच्छाशक्ती, मनोरा म्हणजे उलथापालथ’ अशी अठ्ठ्याहत्तर समीकरणे पाठ करायला बसतो. महिनाभरात ती विसरली जातात, कारण त्या अर्थांना कोणताही आधार दिलेला नसतो. हे अर्थ एका दिवशी, एका माणसाने ठरवलेले नाहीत. पंधराव्या शतकातील इटलीच्या राजदरबारांत, अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ते एकावर एक चढत गेले आहेत, आणि कोणता थर कोठून आला हे कळले की पाठांतराची गरज बरीच कमी होते. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. टॅरोवर विश्वास असणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतील आणि नसणाऱ्यालाही.

पहिली पायरी: संच निवडा, मोजा आणि वेगळा करा

शिकण्यासाठी १९०९ साली लंडनमध्ये रायडर या प्रकाशनाने काढलेला, आज सर्वत्र ‘रायडर-वेट’ किंवा ‘रायडर-वेट-स्मिथ’ नावाने मिळणारा संच घ्यावा. बहुतेक पुस्तके आणि वर्ग तोच गृहीत धरतात. शक्य झाल्यास जुन्या फ्रेंच पद्धतीचा, ‘मार्सेय’ नावाने ओळखला जाणारा संचही जवळ ठेवावा, किंवा निदान त्याच्या पानांची चित्रे पाहावीत. दोन्ही शेजारी ठेवली की विसाव्या शतकात नेमके काय बदलले ते डोळ्यांना दिसते.

घरी आल्यावर पाने मोजावीत. मी पहिला संच फूटपाथवरून घेतला होता आणि त्यात ७७च पाने निघाली. पेल्यांची सत्ती नव्हती, हे मला तीन आठवड्यांनी कळले. संपूर्ण संचात ७८ पाने असतात. त्यांतील ५६ पाने चार रंगांची असतात: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि त्यावर हुजऱ्या, घोडेस्वार, राणी व राजा अशी चार चित्रपाने येतात. उरलेली २२ पाने मूर्ख, जादूगार, सम्राट, दैवचक्र, मृत्यू, चंद्र, सूर्य, जग अशा स्वतंत्र चित्रांची असतात. टॅरोच्या भाषेत या दोन भागांना मायनर आर्काना आणि मेजर आर्काना म्हणतात. ‘आर्काना’ म्हणजे गुपिते. हा शब्द एकोणिसाव्या शतकातील गूढवाद्यांनी रूढ केला, पाने मात्र त्याच्या चारशे वर्षे आधीची आहेत. हे दोन ढीग टेबलावर वेगळे करा, कारण त्यांचे जन्मही वेगवेगळे झाले आहेत.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. ‘टॅरोचा संच स्वतः विकत घ्यायचा नसतो, तो भेट म्हणूनच मिळावा लागतो’ असे सांगितले जाते. या समजुतीला ऐतिहासिक आधार नाही. गंमत एवढीच की, या पानांची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी नोंद भेटीचीच आहे. जुस्तो जुस्ती नावाच्या नोटरीने १४४० च्या सप्टेंबरात आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, त्याने फ्लॉरेन्समध्ये मुद्दाम बनवून घेतलेला ‘त्रिओन्फी’ (टॅरोचे तेव्हाचे नाव) पानांचा संच सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदाराला दिला आणि त्यासाठी त्याला साडेचार डुकाट मोजावे लागले. ही भेट एका लढवय्या सरदाराला, करमणुकीसाठी दिलेली होती. भविष्याचा तीत उल्लेख नाही.

दुसरी पायरी: ५६ पानांमध्ये आपले पत्ते ओळखा

आता चार रंगांचा ढीग समोर घ्या. युरोपात खेळण्याची पाने १३७० च्या दशकात दिसू लागली आणि ती मुस्लिम जगातून, मुख्यतः इजिप्तच्या मामलुक राजवटीकडून तेथे पोहोचली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात असा एक मामलुक संच जपलेला आहे. त्याचे चार रंग म्हणजे पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या. युरोपात पोलो फारसा कोणाला ठाऊक नसल्यामुळे त्या काठ्यांचे साधे दांडके झाले आणि ‘काठ्या’ हा रंग जन्मला. मामलुक संचात राजा, त्याचा नायब आणि दुसरा नायब अशी तीनच वरची पाने होती. ‘नायब’ या शब्दावरूनच इटालियन लोक पानांना ‘नाइबी’ म्हणू लागले, आणि स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. राणी मात्र युरोपात आल्यावर संचात शिरली.

या मामलुक संचातील एका पानावरील मजकुरात ‘कंजिफा’ असा शब्द आढळतो, आणि येथे मराठी वाचकाने थोडे थांबायला हरकत नाही. हाच शब्द इराणमार्गे हिंदुस्थानात ‘गंजिफा’ म्हणून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे सावंतवाडीत लाखकामाच्या गोल गंजिफा तयार होऊ लागल्या. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा साधी पाने, अशी एकूण १२० पाने होतात. तिच्यातही राणी नाही. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली नसती, तर ती बहुधा संग्रहालयांपुरतीच उरली असती.

टॅरो समजून घेण्यासाठी गंजिफा हे उत्तम उदाहरण आहे. विष्णूचे अवतार पानांवर रंगवलेले असले, तरी ती पाने खेळण्यासाठी होती. मग पोप, सम्राट किंवा यमदूत पत्त्यांवर दिसला म्हणून त्यामागे गुप्त विद्याच असली पाहिजे, असे मानण्याचे कारण राहत नाही. आपल्या काळातील पूज्य, भीतिदायक आणि प्रतिष्ठित गोष्टी खेळाच्या पानांवर मांडणे ही दोन्हीकडची रीत होती.

सरावासाठी टॅरोचे चार रंग नेहमीच्या पत्त्यांशी जोडून पाहावेत: पेले म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, नाणी म्हणजे चौकट आणि काठ्या म्हणजे किलवर. इस्पिकला इंग्रजीत ‘स्पेड’ म्हणतात, आणि तलवारींना इटालियनमध्ये ‘स्पादे’ म्हणतात, हे लक्षात आले की ही जोडी सहज पाठ होते. रूढ अर्थांचा सांगाडाही येथूनच उभा राहतो. पेले भावनांचे आणि नात्यांचे, तलवारी विचार आणि संघर्षाच्या, नाणी पैसा व ऐहिक कामांची, तर काठ्या उद्यम आणि ऊर्जेच्या मानल्या जातात. हे चार शब्द आणि दहा आकड्यांचा क्रम एवढ्यावर चाळीस पानांचा कच्चा अर्थ लावता येतो.

तिसरी पायरी: २२ पाने क्रमाने मांडा आणि त्यांना ‘हुकूम’ समजा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. बावीस पाने क्रमांकानुसार एका ओळीत लावा. ज्याने मेंढीकोट खेळले आहे, त्याला या पानांचे मूळ काम एका वाक्यात समजेल: ही कायमची हुकुमाची पाने आहेत. आपण डावागणिक एखाद्या रंगाला हुकूम ठरवतो. इटालियन खेळाडूंनी त्याऐवजी हुकुमासाठी एक पाचवा, स्वतंत्र रंगच संचात घातला. त्याला ते ‘त्रिओन्फी’ म्हणजे विजययात्रा म्हणत. प्रत्येक पान आधीच्या पानाला जिंकते, म्हणून त्यावरील चित्रेही एकाहून एक बलवत्तर सत्तांची आहेत. बाजारातील हातचलाखीवाल्यावर (आजच्या जादूगारावर) सम्राट, सम्राटावर पोप, त्यावर प्रेम, दैव आणि मृत्यू, आणि मृत्यूच्याही पलीकडे तारा, चंद्र, सूर्य आणि अंतिम निवाडा, असा तो चढता क्रम आहे. या ओळीकडे त्या काळच्या ख्रिस्ती माणसाच्या नजरेने पाहिले, तर प्रत्येक पानाचा अर्धा अर्थ त्याच्या जागेवरूनच कळतो. मृत्यू तेराव्या स्थानी आहे; त्याच्यानंतर अजून आठ पाने येतात. ‘मृत्यूचे पान म्हणजे शेवट नव्हे, स्थित्यंतर’ असे आजचे वाचक सांगतात. खेळाच्या क्रमातही ते पान शेवटचे कधीच नव्हते.

मूर्खाचे पान या ओळीत बसत नाही आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये. खेळात तो हुकूमही नव्हता आणि साध्या रंगाचाही नव्हता. उतारीच्या रंगाचे पान टाकण्याच्या बंधनातून तो खेळाडूला मोकळे करी. तो टाकला की हात जिंकला जात नसे, पण साधारणपणे ते पानही हातचे जात नसे. ‘सर्व नियमांच्या बाहेरचा मोकळा माणूस’ हा त्याचा आजचा अर्थ या नियमाशी किती जुळतो, ते वेगळे सांगायला नको.

या क्रमाला वेदवाक्य मात्र मानू नये. सुरुवातीच्या रंगवलेल्या पानांवर क्रमांक नसत. खेळाडू तो पाठ करीत आणि शहरागणिक तो वेगळा असे. बोलोन्यात जगापेक्षा देवदूताचे, म्हणजे निवाड्याचे पान वरचढ होते. त्याच बोलोन्यात १७२५ साली पोपच्या अधिकाऱ्यांची खप्पामर्जी झाली आणि संचातील पोप, पोपबाई, सम्राट व सम्राज्ञी यांना काढून त्यांच्या जागी चार मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम, सरदार बसवण्यात आले. खेळ पूर्वीसारखाच चालू राहिला. चित्रांत खरोखरच अनादी गुपिते दडलेली असती, तर एवढा मोठा बदल इतक्या सहजपणे पचला नसता.

चौथी पायरी: एकच पान घ्या आणि त्याचे थर उलगडा

बावीसही पानांमागे एकदम लागू नये. बारावे पान, उलटा टांगलेला माणूस, समोर ठेवा आणि पुस्तिका न उघडता पाच मिनिटे केवळ चित्राकडे पाहा. टी अक्षराच्या आकाराचा लाकडी खांब आहे, पण त्याला हिरवी पाने फुटलेली आहेत. माणूस एका पायाने टांगलेला आहे, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे घेतलेला आहे आणि हात पाठीमागे आहेत. चेहऱ्यावर वेदना नाही; उलट डोक्याभोवती तेजोवलय आहे. हे सारे वहीत लिहून काढावे.

आता मागे जाऊ या. इटलीत हे पान ‘गद्दार’ या नावाने ओळखले जाई. देशद्रोही, दिवाळखोर किंवा वचनभंग करणारा माणूस हाती लागला नाही, तर त्याचे एका पायाने उलटे टांगलेले चित्र सार्वजनिक भिंतीवर रंगवून त्याची बेअब्रू करण्याची तेथे पद्धत होती. १४१२ च्या सुमारास मुझिओ आत्तेंदोलो स्फोर्झा या भाडोत्री सेनानीचे असेच चित्र रोममध्ये रंगवले गेले होते. याच मुझिओचा मुलगा फ्रान्चेस्को पुढे मिलानचा ड्यूक झाला, आणि १४५० च्या आसपास त्याच्या घराण्यासाठी रंगवलेल्या, सोन्याचा वर्ख दिलेल्या संचात टांगलेल्या माणसाचे पान आहे. त्या पानाकडे पाहताना ड्यूकच्या मनात काय येत असेल! हा विस्कोंती-स्फोर्झा संच आज न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कर्रारा अकादमी आणि एक खासगी संग्रह यांत विभागलेला आहे. त्याची ७४ पाने उरली आहेत. सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार ही चार पाने नाहीत. माझ्या फूटपाथवरच्या संचाचे दुःख हे वाचल्यावर बरेच हलके झाले.

पहिला थर म्हणून ‘गद्दारी आणि नामुष्की’ असे वहीत लिहावे. त्यावर विसाव्या शतकातील थर चढतो: तेजोवलय, पालवी आणि शांत चेहरा जोडल्यामुळे शिक्षा भोगणारा माणूस स्वेच्छेने थांबलेला साधक झाला. म्हणून आजच्या पुस्तकांत ‘समर्पण, प्रतीक्षा, उलट्या बाजूने पाहणे’ असे अर्थ सापडतात. दोन्ही थर ठाऊक असलेला वाचक पान उघडल्यावर अधिक नेमका प्रश्न विचारू शकतो: ही थांबलेली अवस्था स्वतः निवडलेली आहे की लादलेली?

याच रीतीने सहावे पान करून पाहावे. मार्सेय संचात एक तरुण दोन स्त्रियांच्या मधे उभा आहे आणि वर मदन बाण रोखून आहे. म्हणजे तेथे विषय निवडीचा आहे. लंडनच्या संचात तेथे आदम, ईव्ह आणि देवदूत आले, आणि विषय मीलनाचा झाला. पुस्तकांत या पानाला ‘प्रेम’ आणि ‘निर्णय’ असे दोन वरकरणी असंबद्ध अर्थ का दिलेले असतात, त्याचा उलगडा येथे होतो.

पाचवी पायरी: इजिप्तची कथा बाजूला ठेवा, तिचे परिणाम ठेवा

टॅरो प्राचीन इजिप्तमधून आला, ही कथा कोठून निघाली ते निश्चित सांगता येते. आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच विद्वानाने १७८१ मध्ये आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात लिहिले की, ही पाने म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांनी खेळाच्या रूपात लपवलेला थॉथ देवतेचा ग्रंथ आहे. ‘टॅरो’ हा शब्दही त्याने इजिप्शियन ठरवून ‘राजमार्ग’ असा त्याचा अर्थ लावला. त्या वेळी युरोपात इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. फ्रेंच विद्वान शाँपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर कथा घट्ट रुजली होती. पोपबाईची ‘मुख्य पुजारीण’ झाली ती याच इजिप्तच्या वेडापायी.

पॅरिसमधील आल्येत नावाच्या गृहस्थाने आपले आडनाव उलटे लिहून ‘एतेला’ हे नाव घेतले, १७८५ मध्ये टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापली आणि काही वर्षांत त्यासाठी खास संचही काढला. सुलट आणि उलट पानांचे वेगवेगळे अर्थ छापून रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एलिफास लेवी या फ्रेंच गूढवाद्याने बावीस पानांची सांगड हिब्रू लिपीतील बावीस अक्षरांशी घातली. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढवादी मंडळाने त्यात ग्रह, राशी आणि मूलतत्त्वांची भर घातली. हे सारे इतिहास म्हणून खोटे आहे, पण संकेत म्हणून जिवंत आहे, कारण आजचे संच त्या संकेतांवरच उभे आहेत. नवशिक्याने उलट्या पानांचे अर्थ पहिले सहा महिने सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १५६ अर्थांच्या ओझ्याखाली चित्र पाहण्याची सवयच मोडते.

सहावी पायरी: छोट्या पानांच्या चित्रांना पामेला स्मिथच्या नजरेने पाहा

मार्सेय संचातील पेल्यांच्या अठ्ठीवर आठ पेले आणि थोडी वेलबुट्टी आहे, बाकी काही नाही. १९०९ च्या संचात त्याच पानावर एक कथा आहे: पुढे रचलेल्या पेल्यांच्या रांगेत एक जागा रिकामी आहे, आणि लाल अंगरखा घातलेला माणूस काठी टेकत, पाठ फिरवून, रात्रीच्या वेळी डोंगराकडे निघाला आहे. ही चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. योजना आर्थर एडवर्ड वेट या गूढवादी लेखकाची होती, पण छोट्या पानांतील नाट्य बहुतांशी तिचे आहे. तिने एका पत्रात ‘काम मोठे आणि मोबदला अगदी थोडा’ अशा आशयाची तक्रार केली होती. १९५१ मध्ये ती कर्जात वारली, आणि संच अनेक दशके प्रकाशक व वेट यांच्याच नावाने विकला गेला.

सर्वच छोट्या पानांवर प्रसंगचित्रे असलेला एक संच त्यापूर्वीही होता: १४९१ च्या सुमाराचा इटालियन ‘सोला-बुस्का’. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली होती. तीन तलवारींनी भेदलेल्या हृदयाचे चित्र दोन्हींत आहे, तेव्हा स्मिथने ती पाहिली असावीत हा तर्क पटण्यासारखा आहे.

सातवी पायरी: तीन पाने मांडा

प्रश्न ‘होईल का?’ असा न विचारता ‘मी काय पाहत नाही?’ असा विचारावा. पाने पिसून, काटून, डावीकडून उजवीकडे तीन मांडावीत: आजची स्थिती, अडथळा, पुढचे पाऊल. समजा, नोकरी बदलावी का या विचारात पेल्यांची अठ्ठी, नाण्यांची दुर्री आणि संन्यासी अशी पाने आली. पहिल्यात माणूस निघून चालला आहे, पण पेले सांडलेले नाहीत. म्हणजे जे सोडले जात आहे ते वाईट नसून अपुरे आहे. दुसऱ्यात एक तरुण दोन नाणी झेलतो आहे आणि मागे उंच लाटांवर जहाजे हेलकावत आहेत; अडथळा बहुधा पैशांची ओढाताण असावी. तिसऱ्यात कंदील धरलेला वृद्ध बर्फाच्या शिखरावर एकटा उभा आहे. घाईने राजीनामा देण्याऐवजी शांतपणे विचार करण्याचा, किंवा अनुभवी माणसाला विचारण्याचा हा इशारा धरता येईल.

या वाचनाने नवी नोकरी मिळेल की नाही हे कळले नाही आणि कळणारही नाही. विचारांना बोलते करणारी तीन चित्रे तेवढी मिळाली. दुखणे, कोर्टाचे काम किंवा गुंतवणूक यांबाबत पानांवर विसंबू नये, आणि ‘मृत्यूचे पान आले, शांती करावी लागेल’ असे सांगून हजारो रुपये मागणाऱ्या वाचकासमोरून तत्काळ उठावे.

आठवी पायरी: एकदा खेळून पाहा

फ्रान्समध्ये टॅरो आजही पत्त्यांचा लोकप्रिय खेळ आहे. चौघांत प्रत्येकी १८ पाने वाटतात आणि ६ पाने मधे ठेवतात. उतारीच्या रंगाचे पान टाकणे बंधनकारक असते, ते नसेल तर हुकूम टाकावाच लागतो, आणि शक्य असेल तर तो आधी पडलेल्या हुकुमाहून मोठाच टाकावा लागतो. मूर्ख, एक्क्याचा हुकूम आणि एकविसावा हुकूम ही तीन पाने सर्वांत मोलाची असतात. त्यांतील एक्का, म्हणजे आपला जादूगार, हा हुकुमांत सर्वांत दुबळा, कोणत्याही दुसऱ्या हुकुमाने मारला जाणारा. तो कसाबसा लपवत, वाचवत शेवटच्या हातापर्यंत नेला आणि तो शेवटचा हात त्याच पानाने जिंकला, तर खेळाडूला दहा गुणांचे बक्षीस मिळते.